ब्रसेल्सचा नियम, अंबत्तूरचा बोल्ट: लघुउद्योजकाने काय करावे, काय टाळावे

चेन्नईच्या पश्चिमेला अंबत्तूर आहे. तमिळनाडू सरकारने 1964 साली इथे औद्योगिक वसाहत उभी केली, आणि आज ती देशातल्या मोठ्या लघुउद्योग वसाहतींत मोडते. टीआय सायकल्सचा कारखाना त्याही आधीचा, 1949 पासूनचा. शेजारच्या पाडीत ब्रेक्स इंडिया, व्हील्स इंडिया, लुकास टीव्हीएस. या मोठ्यांच्या आधाराने बोल्ट, बुश, स्प्रिंग, प्रेसपार्ट करणारी आणि प्लेटिंग, हीट ट्रीटमेंटचे जॉबवर्क घेणारी छोटी युनिट वाढत गेली. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीचा माणूस तिथे उतरला तर भाषा सोडून त्याला काही परके वाटू नये.

हवामान, तंत्रज्ञान आणि पुरवठा साखळीचे जागतिक नियम दूर कुठेतरी ठरतात आणि शेवटी अशा शेडमध्ये एक ईमेल होऊन येतात: ‘सोबतची एक्सेल शीट शुक्रवारपर्यंत भरून पाठवा.’ मालक ती अकाउंटंटकडे सरकवतो, अकाउंटंट ओळखीच्या युनिटची जुनी शीट मागवतो आणि नाव बदलून पाठवून देतो. हे थांबायला हवे. 1 जानेवारी 2026 पासून युरोपात येणाऱ्या मालासाठी त्या शीटमधल्या आकड्यांवर पैसे मोजावे लागतात. पुढचे मुद्दे अंबत्तूरवरून घेतले आहेत, पण आपल्या एमआयडीसीतही तेच प्रश्न आहेत.

कार्बनचा हिशोब

करा: सर्वांत आधी शिपिंग बिलावरचा एचएस कोड बघा. युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, म्हणजे सीबॅम, सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज यांना लागू आहे. ‘आम्ही काही पोलाद विकत नाही, आम्ही पार्ट विकतो’ असे अनेकांना वाटते. पण पोलादाच्या यादीत 7318 हा कोडही आहे, म्हणजे नट, बोल्ट, स्क्रू, वॉशर. 7326 खाली येणाऱ्या लोखंडी वस्तूही आहेत. 8708 खाली जाणारे वाहनांचे सुटे भाग मात्र मूळ यादीत नाहीत. एकाच शेडमधल्या दोन मशिनांवरचा माल अशा वेळी दोन वेगळ्या नियमांत पडतो. यादी वाढवण्याच्या हालचाली युरोपात सुरू आहेत, म्हणून दर वर्षी ती पुन्हा तपासा.

करा: ग्राहकाला एक साधा प्रश्न विचारा, ‘तुमची वर्षाची सीबॅम मालाची एकूण आयात 50 टनांच्या वर आहे का?’ 2025 च्या दुरुस्तीनंतर वर्षाला 50 टनांपेक्षा कमी सीबॅम माल आणणाऱ्या आयातदाराला यातून सूट आहे. हे 50 टन त्याच्या सगळ्या पुरवठादारांचे मिळून धरायचे, तुमच्या एकट्याचे नव्हे. छोट्या व्यापाऱ्याला माल देणाऱ्याची कदाचित इथेच सुटका होईल.

करा: वायर रॉड कुठल्या मिलचा, हे बिलावर आणि डोक्यात दोन्हीकडे ठेवा. सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोल्टचा प्रवास असा: वायर रॉड येतो, ॲसिडमध्ये पिकलिंग होते, फॉस्फेटचा थर चढतो, वायर ड्रॉ होते, कोल्ड हेडिंगवर डोके बसते, थ्रेड रोलिंग होते, मग हीट ट्रीटमेंट, झिंक प्लेटिंग, पॅकिंग. युरोपचा हिशोब विचारतो की यात थेट किती इंधन जळले आणि आत आलेल्या पोलादात आधीच किती कार्बन होता. उदाहरणादाखल धरू की 1 टन बोल्टला 1,080 किलो वायर रॉड लागतो आणि भट्टीत 60 किलो एलपीजी जळतो. एलपीजीच्या किलोमागे साधारण 3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे भट्टीचे 0.18 टन झाले. वायर रॉड टनामागे 2.5 टनांचा असेल तर त्याचे 2.7 टन. तोच 1.9 टनांचा मिळाला तर 2.05 टन. तुमच्या शेडमधली भट्टी पूर्ण बंद करून जेवढी बचत होईल, त्याच्या तिपटीहून जास्त बचत चांगली मिल निवडल्याने होते. स्क्रॅपमध्ये गेलेला रॉडही या 1,080 किलोंत आहे, हे विसरू नका. रिजेक्शन कमी करणे हेही कार्बन कमी करणेच आहे, आणि ते टूलरूमच्या हातात आहे.

भारत सरकारने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर पोलाद हरित, आणि 1.6 च्या खाली गेले तर पाच तारे. मिलकडे, निदान स्टॉकिस्टकडे, हा आकडा मागायला आता सरकारी आधार आहे.

टाळा: हीट नंबर न पाहता ट्रेडरकडून मिसळीचा माल उचलणे. दोन रुपये स्वस्त पडतो म्हणून तीन मिलचे कॉइल एकाच रॅकवर पडतात, आणि नंतर कुठल्या लॉटमध्ये काय गेले ते सांगता येत नाही. पुरावा नसेल तर युरोप स्वतःचे ठरावीक आकडे लावतो. ते मुद्दामच चढे ठेवलेले असतात.

टाळा: सीबॅमसाठी म्हणून छतावर सोलर बसवणे. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत सीबॅम आपण जाळलेल्या विजेचा हिशोब धरत नाही, फक्त थेट उत्सर्जन आणि कच्च्या मालातला कार्बन धरतो. सोलर जरूर बसवा, वीजबिलासाठी बसवा, ग्राहकाच्या दुसऱ्या प्रश्नावलीसाठी बसवा. तमिळनाडूत पवनऊर्जाही भरपूर आहे. पण विक्रेता ‘याने तुमचा सीबॅम वाचेल’ म्हणाला तर बोल्टवाल्याने त्याला दारातूनच परत पाठवावे.

करा: दोन वह्या ठेवा. एकीत इंधन: एलपीजी, पीएनजी, जनरेटरचे डिझेल (लिटरमागे सुमारे 2.7 किलो). दुसरीत वीज: ग्रिडच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो. पहिली युरोपला लागते. मोठ्या भारतीय ग्राहकाला दोन्ही लागतात. महिन्याच्या महिन्याला मीटर रीडिंग आणि सिलिंडरची बिले लिहायला अर्धा तास पुरतो. वर्षाअखेरीस आठवून लिहायला बसलात तर आठवडा जाईल आणि तरी आकडे खोटेच निघतील.

करा: जॉबवर्कवाल्याकडून चलनासोबत आकडा घ्या. अंबत्तूरमध्ये काय किंवा भोसरीत काय, हीट ट्रीटमेंट बहुधा दुसऱ्याच्या भट्टीत होते. मग तिथला गॅसही तुमच्याच बोल्टवर चढतो. ‘या लॉटला किती गॅस लागला’ हे चलनावर एका ओळीत लिहून द्यायची सवय त्याला लावा. सुरुवातीला तो कुरकुर करेल. चार ग्राहकांनी मागितले की छापील रकानाच करून घेईल.

टाळा: ‘अजून वेळ आहे’ म्हणणे. आकारणी हप्त्याहप्त्याने वाढणार आहे. 2026 च्या मालावर सुमारे 2.5 टक्केच भार पडतो, 2028 मध्ये 10, 2030 मध्ये 48.5 आणि 2034 मध्ये पूर्ण 100 टक्के. आज रक्कम किरकोळ दिसते, म्हणून कोणी घाई करत नाही. पण मिल बदलायला, पार्टचे ॲप्रूव्हल पुन्हा घ्यायला एक-दोन वर्षे सहज जातात. 2030 साठीची खरेदी 2027-28 मध्ये ठरेल.

टाळा: आयातदाराचे ओझे करारात गुपचूप स्वतःवर घेणे. कायद्याने सीबॅमची प्रमाणपत्रे विकत घ्यायची जबाबदारी युरोपातल्या आयातदाराची आहे. पण खरेदी करारात बारीक अक्षरात ‘कार्बनसंबंधी सर्व खर्च पुरवठादाराचा’ असे कलम घुसते आणि आपला माणूस ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून सही करतो. खरे आकडे वापरायचे तर मान्यताप्राप्त संस्थेकडून पडताळणी लागते. तिचा खर्च कोण देणार, हेही सही करण्याआधीच ठरवा.

माझे मत स्पष्ट सांगतो. भारताने हवामान परिषदांत या कराला विरोध केला तो रास्तच आहे. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून कारखानदारी उभी केली, त्यांनी अंबत्तूरच्या वीस कामगारांच्या युनिटकडून त्याच मापाने वसुली करावी आणि तो पैसा स्वतःच्या तिजोरीत ठेवावा, हा न्याय नव्हे. पॅरिस करारातले ‘सामायिक पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व इथे बाजूला पडते. पण हे भांडण दिल्लीने भांडायचे आहे. तोवर कंटेनर रॉटरडॅमला पोचतोच, आणि तिथे कागद मागितले जातात.

प्रश्नावल्या आणि पोर्टल

करा: ‘हे सक्तीचे आहे’ म्हणणाऱ्याला नियमाचे नाव विचारा. सेबीने 2023 मध्ये बीआरएसआर कोअर हा शाश्वतता अहवालाचा नमुना आणला तेव्हापासून शेअर बाजारातल्या नोंदणीकृत कंपन्या पुरवठादारांकडेही पर्यावरण आणि कामगारांची माहिती मागू लागल्या आहेत. पुरवठादारांविषयीची माहिती देणे सध्या त्या कंपन्यांसाठी ऐच्छिक आहे, आणि तीही खरेदीत किमान 2 टक्के वाटा असलेल्या पुरवठादारांपुरती. माहिती द्यायला हरकत नाही. पण ज्याचा वाटा अर्धा टक्काही नाही, त्याला दीडशे प्रश्न पाठवून ‘सेबीचा आदेश’ म्हणणे चुकीचे आहे, आणि तसे नम्रपणे लेखी कळवावे.

करा: प्रश्नावली आली की सोबत आपलाही एक प्रश्न पाठवा, पैसे 45 दिवसांत मिळतील का? 2006 च्या एमएसएमई कायद्याने ही मुदत घातली आहे, आणि आयकर कायद्यात 43बी(एच) कलमाने 2023-24 या आर्थिक वर्षापासून आणलेल्या तरतुदीमुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे थकवणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट वेळेत मिळत नाही. शाश्वततेचा अहवाल चकचकीत कागदावर छापायचा आणि पुरवठादाराचे पैसे 120 दिवस दाबून ठेवायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. पैसे अडकलेला कारखानदार नवी भट्टी कशातून घेणार?

टाळा: प्रक्रियेचा सगळा कच्चा डेटा ग्राहकाच्या हाती देणे. लॉटनिहाय गॅस, सायकल टाइम, रिजेक्शन हे सगळे दिले की ग्राहकाच्या खरेदी विभागाला तुमची किंमत उलगडून पाहता येते. सीबॅमसाठी युरोपीय आयोगाने बाहेरच्या देशांतल्या कारखान्यांना स्वतःची माहिती थेट त्यांच्या नोंदणी पोर्टलवर भरायची सोय केली आहे. तिथे गुपिते आयातदारापासून राखता येतात. ती सोय वापरा.

टाळा: ग्राहकाचे ड्रॉइंग फुकटच्या एआय ॲपमध्ये टाकणे. भाषांतर करायला, टॉलरन्स समजून घ्यायला, प्रश्नावलीचे इंग्रजी उत्तर लिहायला ही साधने कामाची आहेत, आणि छोट्या युनिटला त्यांचा खरा उपयोग आहे. पण गोपनीयतेच्या करारावर सही करून मग ड्रॉइंग बाहेरच्या सर्व्हरवर चढवणे म्हणजे करारभंग आहे. ड्रॉइंग वगळून फक्त प्रश्न विचारा. कामगारांचे आधार क्रमांक, फोटो, हजेरी यांनाही हेच लागू. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा छोट्या मालकालाही ओळखतो.

पाणी

इथे अंबत्तूरने खरी किंमत मोजली आहे. डिसेंबर 2015 च्या पुरात वसाहतीत पाणी शिरले. चेन्नई परिसरातले मोठे वाहन कारखानेही त्या आठवड्यात बंद पडले होते. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळात पुन्हा तेच. आणि या दोन पुरांच्या मध्ये, 2019 च्या उन्हाळ्यात, शहराची चारही मोठी जलाशये, पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरमबाक्कम, आटली आणि टँकरच्या पाण्यावर कारखाने चालवायची वेळ आली. कोल्हापूर-सांगलीकरांना 2019 आणि 2021 चे महापूर आठवत असतील, तर वेगळे सांगायला नको.

करा: मागच्या पुराची रेषा भिंतीवर रंगाने आखा आणि महागडी वस्तू तिच्या वर न्या. सीएनसीचा बेड उचलता येत नाही, हे खरे. पण स्टॅबिलायझर, यूपीएस, कॉम्प्रेसरची मोटर, पॅनेल बोर्ड, गेज आणि डायचे कपाट हे सगळे उंच चौथऱ्यावर बसवता येते. पुरात बुडालेल्या मशिनचा मोठा खर्च बहुधा लोखंडात नसतो. तो ड्राइव्ह, कंट्रोलर, स्पिंडल आणि बॉलस्क्रूमध्ये असतो.

टाळा: पाणी ओसरल्या ओसरल्या मशिन चालू करून बघणे. ऑर्डर तुंबलेल्या असतात, ग्राहकाचे फोन चालू असतात, आणि कोणीतरी मेन स्विच टाकतो. ओल्या ड्राइव्हला वीज मिळाली की दुरुस्तीजोगे मशिन भंगारात जाते. आधी इलेक्ट्रिशियन, मग सुकवणे, मग इन्सुलेशन तपासणी, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत फोटो.

करा: विमा पॉलिसी पावसाळ्याआधी वाचा. तमिळनाडूत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्याकडे जून ते सप्टेंबर. 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि 5 ते 50 कोटींसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी 2021 पासून आहेत, आणि वादळ-पूर त्यांत मुळातच समाविष्ट आहे. पण विम्याची रक्कम मशिनच्या आजच्या बदली किमतीवर हवी. दहा वर्षांपूर्वीच्या बिलावर विमा काढला असेल तर दाव्यात तेवढा हात आखडतो. ग्राहकाच्या मालकीचे डाय आणि कच्चा माल तुमच्या शेडमध्ये असेल तर त्याचा विमा कोणाचा, हेही लेखी असू द्या.

टाळा: तेलाचे ड्रम, प्लेटिंगची रसायने आणि गाळ जमिनीवर उघड्यावर ठेवणे. अंबत्तूर तलावाचे जादा पाणी कोरट्टूर तलावाकडे जाते. सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी कोरट्टूर तलावात उतरते म्हणून तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढा दिला, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. पुरात ड्रम तरंगतात, आडवे होतात, आणि एका रात्रीत संपूर्ण वसाहतीचे कटिंग ऑइल तलावात जाते. 2023 च्या त्याच वादळात उत्तर चेन्नईत एन्नोरच्या खाडीवर तेल पसरले आणि मच्छीमारांची जाळी-होड्या काळ्या झाल्या. आपल्या ड्रमला कठडा घालायला फार खर्च येत नाही. प्लेटिंगचा गाळ धोकादायक कचऱ्यात मोडतो. तिकडे तो गुम्मिडीपूंडीला आणि आपल्याकडे तळोजा किंवा रांजणगावला रीतसर पाठवायचा असतो, रात्री नाल्यात सोडायचा नसतो.

करा: हेक्साव्हॅलंट क्रोम वापरणे सोडा. युरोपच्या 2000 सालच्या जुन्या वाहनांविषयीच्या निर्देशाने शिसे, पारा, कॅडमियम आणि हेक्साव्हॅलंट क्रोम यांवर बंधने घातली, तेव्हापासून निर्यातीच्या बोल्टवर ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन आले. पण देशी ऑर्डरसाठी तीच जुनी पिवळी बाथ अनेक ठिकाणी अजून चालू आहे. युरोपच्या गिऱ्हाइकासाठी घातक ठरलेली वस्तू बाथपाशी उभ्या असलेल्या आपल्या कामगारासाठी चालते, हे मला कधीच पटलेले नाही.

करा: प्रक्रिया केलेले पाणी मागा. कोयंबेडू आणि कोडुंगैयूर इथे चेन्नईने 2019 मध्ये सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना देणारे, रोज साडेचार कोटी लिटरचे दोन प्रकल्प सुरू केले. असे पाणी एकट्या युनिटला पाइप टाकून मिळत नाही, वसाहतीने मिळून मागितले तर मिळते.

माणसे

करा: शेडचे तापमान मोजा आणि दुपारच्या पाळीला विश्रांती द्या. तमिळनाडूने ऑक्टोबर 2024 मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती म्हणून मान्यता दिली. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीजवळ काम करणाऱ्याला मे महिन्यात काय होते, हे कोणाला अहवालातून कळायची गरज नाही. छताला पांढरा रंग, गरम हवा बाहेर फेकणारा पंखा, ओआरएसचे पाणी: यापासून सुरुवात होते.

टाळा: ठेकेदाराने मजुरांची कागदपत्रे ठेवून घेतली तर कानाडोळा करणे. बिहार, ओडिशा, आसामहून आलेली मुले चेन्नईत आहेत तशीच चाकणमध्येही आहेत. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा 2023 पासून याच गोष्टी विचारतो. पण कोणी विचारो न विचारो, दुसऱ्याचे आधारकार्ड कुलपात ठेवणे चूकच.

एकट्याने की मिळून

टाळा: प्रत्येकाने वेगळा सल्लागार नेमणे. एकाच गल्लीतल्या दहा बोल्टवाल्यांनी दहा जणांना फी देऊन एकच शीट भरून घेणे ही उधळपट्टी आहे.

करा: संघटनेमार्फत एकच माणूस, एकच नमुना, एकच पडताळणी फेरी. अंबत्तूरची उद्योजक संघटना, एआयईएमए, मशिन टूल्सचे ॲक्मी प्रदर्शन वर्षानुवर्षे भरवते. एवढे एकत्र येता येते तर मीटर रीडिंगचा एक नमुना ठरवणे अवघड नाही. आपल्याकडे चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे, कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी वाळू पुन्हा वापरण्याचा सामायिक प्रकल्प उभारला. कार्बनच्या नोंदींचा विभाग अशाच ठिकाणी बसायला हवा: एक इंजिनिअर, एक गॅस फ्लो मीटर जो फिरवून प्रत्येक भट्टीवर आठवडाभर लावता येईल, आणि मिलकडून मागवलेल्या उत्सर्जन आकड्यांची एक सामायिक फाइल. मिलवाला एकट्या छोट्या गिऱ्हाइकाच्या ईमेलला उत्तर देत नाही. दोनशे युनिटच्या वतीने, महिन्याच्या एकत्रित टनेजसह पत्र गेले की त्याचा विक्री अधिकारी स्वतः फोन करतो. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या, आणि बैठकीला येताना गेल्या बारा महिन्यांची गॅसची बिले बरोबर आणा.